तोबियाचा कुत्रा



तोबितच्या ग्रंथातील वाचन आपण लग्नाच्या मिस्सात पुष्कळदा ऐकतो. पण त्या ग्रंथातील एका मुक्या सोबत्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तरुण तोबिया राफाएल देवदूताबरोबर दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा कुत्राही त्यांच्यामागे निघतो. तोबिया अंध पित्याकडे परत येतो, तेव्हाही तो मागोमाग असतो. तो कुत्रा कोणताच चमत्कार करीत नाही. तो फक्त सोबत जातो आणि सोबत येतो. तरीही पवित्र लेखकाने त्याची आठवण ठेवली आहे.

असेच सोबती सैनिकांनाही भेटतात. २००६ साली ब्रिटनच्या रॉयल मरीन्सचे सार्जंट पेन फार्दिंग अफगाणिस्तानातील हेल्मंड प्रांतात, नौझाद या गावी तैनात होते. तेथे चाललेली कुत्र्यांची झुंज त्यांनी मोडली. पुढे झुंजीतलाच, कान कापलेला एक कुत्रा त्यांच्या छावणीत राहू लागला. त्यांनी त्याला गावाचेच नाव दिले.

सैन्याच्या नियमांत अशा मैत्रीला सहसा जागा नसते आणि त्याला कारणही आहे. भटक्या कुत्र्यांपासून रेबीज होतो. अफगाणिस्तानात कुत्रा चावलेल्या एका अमेरिकन सैनिकाचा २०११ साली त्यानेच अंत झाला. पण रोज मरण पाहणाऱ्या माणसाला, पहाऱ्यावरून परतताच शेपूट हलवीत कोणी धावत येते, याचा केवढा आधार वाटत असेल!

तैनाती संपली की सैनिकाला विमानात जागा मिळते. कुत्रा मागे राहतो. म्हणून फार्दिंग यांनी २००७ साली एक संस्था काढली आणि काबूलमध्ये प्राण्यांसाठी निवारा उभारला. कुत्र्याला लस टोचायची, कागदपत्रे तयार करायची आणि समुद्रापलीकडे त्याच्या सैनिकाकडे पोहोचवायचे, असे ते काम. शेकडो सैनिकांना आपला सोबती असा परत मिळाला.

बंधुभगिनींनो, येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले. फार्दिंग दीडशेहून अधिक कुत्री-मांजरे घेऊन विमानाने बाहेर पडले. त्यांच्या अफगाण कर्मचाऱ्यांना मात्र विमानतळावर प्रवेश मिळाला नाही. पुढच्या महिन्यात ते पाकिस्तानमार्गे ब्रिटनला पोहोचले. पण मधल्या दिवसांत अनेकांनी विचारले, “जनावरे आधी आणि माणसे नंतर?” हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४१८) याविषयी स्पष्ट बोलतो. प्राण्यांना विनाकारण छळणे माणसाला शोभत नाही. त्यांच्यावर प्रेम करायला हरकत नाही. परंतु जो पैसा आधी माणसांचे दुःख दूर करण्यासाठी लागायला हवा, तो त्यांच्यावर उधळू नये आणि माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊन टाकू नये.

मग करावे तरी काय? पुन्हा तोबितच्या घरी जाऊ या. सणाच्या दिवशी पुढ्यात सुग्रास जेवण आले, तेव्हा तोबितने पहिला घास घेण्याआधी मुलाला बाहेर पाठवले, “आपल्या लोकांपैकी कोणी गरीब सापडला तर जेवायला घेऊन ये,” म्हणून. ज्या घराच्या पानावर गरिबाला जागा होती, त्याच घराच्या कथेत कुत्र्यालाही जागा आहे. दया खरी असेल तर ती एकाचे काढून दुसऱ्याला देत नाही. मात्र पहिला मान कोणाचा, हे ती विसरत नाही.

आपल्या देवळाच्या पायऱ्यांवर कुत्री झोपतात. त्यांना दगड मारू नका. वेळेवर लस मिळेल असे पाहा. आणि घरी जाताना स्वतःला विचारा: जीवनाच्या लढाईत मला साथ देणारे कोणी मागे राहून गेले आहे का? गावी एकटी राहिलेली आई? अबोला धरलेला भाऊ? आजारात माझी सेवा केलेली, पण नंतर कधीच न विचारलेली कामवाली बाई? सैनिक एका कुत्र्यासाठी समुद्रापलीकडून धडपडतो. आपल्याला कदाचित फक्त चार घरे ओलांडायची आहेत.

हे प्रभू, चिमणीलाही न विसरणाऱ्या देवा, आमच्या मागे राहिलेल्यांची आम्हाला आठवण दे आणि त्यांच्याकडे परतण्याचे बळ दे. आमेन.