साक्षीला कोण होतं?

आमच्या लग्नाचे फोटो चारच आहेत. एकात माझे डोळे मिटलेले. दुसऱ्यात नवऱ्याची मोठी बहीण पेढ्यांचा डबा घेऊन नेमकी कॅमेऱ्यासमोरून चालली आहे, त्यामुळे आम्ही दोघं तिच्या खांद्यामागे अर्धेअर्धे. 2024 च्या फेब्रुवारीत इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं की हे लग्न खरं असल्याचा आणखी पुरावा पाठवा, तेव्हा न्यू जर्सीत एडिसनच्या घरी जेवणाच्या टेबलावर हे चार फोटो मांडून मी कितीतरी वेळ बसून राहिले. कपाटाच्या वरच्या खणात माझ्या पहिल्या लग्नाचा अल्बम होता, छत्तीस पानांचा. 1993 साल, सांगलीतलं मोठं कार्यालय, सहाशे पानं उठलेली. होम, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, एकही विधी राहिला नव्हता. ते लग्न नऊ वर्षांत संपलं. ज्या लग्नाचे पुरावे ढीगभर होते ते उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं त्याचं दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी अमेरिकेची नागरिक आहे. नवरा भारतीय. मिरजेजवळच्या शाळेत मराठी शिकवायचा, कॉलेजात माझ्याच वर्गात होता. त्याची पहिली बायको आजारपणात गेली, त्याला आमच्या लग्नाच्या वेळी सहा वर्षं झाली होती. इथल्या कायद्यात नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. थांबावं लागतं ते कामकाजासाठी. आधी आय-130 हा अर्ज, तो मंजूर झाला की कागद न्यू हॅम्पशायरच्या व्हिसा केंद्रात, मग पोलिसांचा दाखला, मुंबईत वैद्यकीय तपासणी, शेवटी मुलाखत. या पायऱ्या कोणीही सांगेल. मला त्यात एक गोष्ट फार लागली. आमची आधीची लग्नं संपली आहेत हे दाखवायला दोन कागद पुरले, माझ्या घटस्फोटाचा हुकूमनामा आणि त्याच्या पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला. त्यांच्याबद्दल कोणी पुन्हा विचारलं नाही. नवीन लग्न सुरू झालं आहे हे दाखवायला मात्र मी सव्वाशे पानं जमवली.

लग्न साधं का केलं, हे आधी सांगते. माझे वडील सत्यशोधक वळणाचे. जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीवाचून पहिलं लग्न लावलं. त्या पद्धतीत नवरा-नवरी एकमेकांना उद्देशून मराठीत वचन देतात, मंगलाष्टकांमध्ये नवरी आपले हक्क मागून घेते. पहिल्या वेळी सासरकडच्यांना होम हवा होता. वडील बाजूला उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. ते लग्न मोडल्यावर मात्र एकदा म्हणाले होते, "अगं, अग्नी परत विचारायला येत नाही. गल्लीतली माणसं येतात." आज ते नाहीत. पण 12 जानेवारी 2023 ला विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून आम्ही घरी आलो, तेव्हा पंधरा माणसांसमोर मी आणि त्यानं वचनं म्हटली ती त्यांच्याच हस्ताक्षरातल्या वहीतून.

त्या 1954 च्या कायद्यात एक तरतूद आहे, ती मला सुंदर वाटते. लग्नाची नोटीस तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लागते. त्यासाठी मी पाच आठवडे रजा काढून सांगलीत राहिले. मग तुम्ही कुठल्याही पद्धतीनं लग्न लावा, पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना 'मी तुझा स्वीकार करते', 'मी तुझा स्वीकार करतो' या अर्थाचं वाक्य उच्चारल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात हीच जागा सातव्या पावलाला आहे: जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पुरा. सर्वोच्च न्यायालयानं 2024 च्या एप्रिलमध्ये सांगितलं की, विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही. ती बातमी भावानं घाबरून मला पाठवली. आमचं लग्न वेगळ्या कायद्याखालचं आहे, काही बिघडत नाही, असं मी त्याला कळवलं. पण प्रश्न डोक्यात राहिला. एक पाऊल, एक वाक्य, आणि शेजारी कोणीतरी पाहणारं. साक्षीला कोणी का लागतं? आणि साक्षी नक्की काय पाहतो?

पाणिनीच्या व्याकरणात साक्षी म्हणजे ज्यानं साक्षात पाहिलं तो. वेदान्तानं तोच शब्द उचलून आत नेला: सगळं पाहणारं, स्वतः कशात न गुंतणारं चैतन्य. कोर्टातल्या साक्षीदारानंही असंच असावं अशी अपेक्षा असते, पाहिलेलं असावं आणि गुंतलेलं नसावं. इमिग्रेशनचा अधिकारी त्याच चौकटीत बसतो. त्याला आमच्याबद्दल लोभ नाही, द्वेषही नाही. पण गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत स्वतःला साक्षी म्हणवतात, त्याच श्लोकात ते स्वतःला सुहृदही म्हणवतात, निवास आणि शरणही. लहानपणी हे पाठ होतं, अर्थाकडे लक्ष गेलं नव्हतं. साक्षी आणि सुहृद हे दोन शब्द शेजारी का बसवले असतील, ते मला त्या टेबलाशी बसल्यावर प्रथम जाणवलं. परक्यानं तटस्थपणे पाहिलं की घटना दिसते. लग्न ही घटना असती तर तेवढं पुरलं असतं.

साक्ष नेहमी झालेल्या गोष्टीची देतात. वचन असतं ते अजून न झालेल्या गोष्टीचं. 12 जानेवारीला मी जे म्हटलं ते त्या दिवशी खरं होतं की खोटं, हे त्या दिवशी देवालाही ठरवता आलं नसतं. ते ठरवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते रोजचं होतं. मग त्या पंधरा जणांनी काय पाहिलं? मला वाटतं, त्यांनी लग्न पाहिलं नाही. आम्ही त्यांना विचारण्याचा हक्क दिला, एवढंच तिथे घडलं. वडिलांचं वाक्य मला आता असं कळतं.

आणि हा हक्क चुकीच्या हातात गेला की काय होतं, हे रखमाबाईंनी भोगलं. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न, विधी यथासांग, साक्षी अग्नी. नवऱ्यानं 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की हिला नांदायला पाठवा. पहिला निकाल तिच्या बाजूनं लागला, अपिलात फिरला, आणि 1887 मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. तिनं तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली, ती विलायतेत शिकली, डॉक्टर होऊन आली. बाहेरचे सगळे साक्षी एका बाजूला होते आणि तिची स्वतःची साक्ष दुसऱ्या बाजूला. त्या खटल्यात खरं कोण बोललं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून वेदान्ती म्हणतात तो आतला साक्षी मी सोडत नाही. तो नसेल तर बाकीच्यांच्या सह्यांना अर्थ नाही.

पण आतला साक्षी पाकिटात घालून पाठवता येत नाही. मी व्हॉट्सॲपचे संदेश छापायला घेतले. वर्षभराचे संदेश, आणि त्यातले निम्मे एकाच वाक्याचे. 'जेवलास का?' 'हो. तू?' तिथल्या रात्री अकराला इथे दुपार असते. मी प्रयोगशाळेत डबा उघडायच्या आधी हे विचारायचे, तो झोपायच्या आधी उत्तर द्यायचा. इंग्रजीत नसलेला प्रत्येक कागद पूर्ण भाषांतर आणि भाषांतरकाराच्या सहीनिशी द्यावा लागतो. मैत्रिणीच्या मुलीनं ते काम केलं. इथेच जन्मलेली, मराठी चांगलं समजणारी. चाळीस पानं झाल्यावर ती मला म्हणाली, "मावशी, सगळीकडे हेच आहे. त्यांना वाटेल की तुम्ही काही बोलतच नाही." मी वाचून पाहिलं. इंग्रजीत तो खाण्याबद्दलचा प्रश्न झाला होता. बारा हजार किलोमीटरवरून कोणी रोज विचारतं जेवलास का, तेव्हा ते कशाबद्दल विचारतं, हे त्या पानांवर कुठेच उतरलं नव्हतं. तरीही मी ती सगळी पानं जोडली. एकही गाळलं नाही.

आमचं नातं जवळून माहीत असलेल्यांची प्रतिज्ञापत्रंही चालतात. त्याच्या बहिणीनं मराठीत दिलं. नोंदवहीत सही करणाऱ्या तीन साक्षीदारांपैकी ती एक. नोटरीकडे तिनं जे सांगितलं ते त्यांना पसंत पडलं नाही. प्रतिज्ञापत्रात असं लिहीत नाहीत, 'सदर उभयता पतिपत्नी म्हणून नांदत आहेत' असं लिहू म्हणाले. ती अडून बसली. शेवटी दोन्ही लिहिलं. तिचं म्हणणं असं होतं: वहिनी गेल्यापासून माझा भाऊ ओट्यापाशी उभ्यानं जेवायचा, पातेल्यातूनच. लग्न ठरल्यापासून तो ताट वाढून घेतो आणि पाट मांडून बसतो. मी शेजारी राहते, मी रोज पाहते.

सव्वाशे पानांत साक्षात पाहिलेलं एवढंच होतं.

या सगळ्यात मी स्वतः दिलेलं सर्वांत कठीण वचन मात्र नवऱ्याला दिलेलं नाही, सरकारला दिलेलं आहे. आय-864 नावाचं ते हमीपत्र. दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाच्या खाली मी त्याला जाऊ देणार नाही, त्याचा भार इथल्या जनतेवर पडू देणार नाही, असं त्यात बांधून घेतात. तो इथला नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाइतकी नोंद होईपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत, नाहीतर मृत्यूपर्यंत ते टिकतं. घटस्फोटानं ते सुटत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. लग्न मोडलं तरी त्याच्या पोटाची जबाबदारी माझी. कुठल्याही मंगलाष्टकात मी असं काही ऐकलं नव्हतं. लोक याला जाच म्हणतात. सही करताना मला उलट वाटलं की, ज्याला पोसायची तयारी प्रेम आटल्यावरही आहे त्यालाच घरी आणावं.

पडताळणीशी माझं वैर नाही. मी रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करते. रक्ताची पिशवी लावण्याआधी रुग्णाचं नाव आणि क्रमांक दोघांनी मिळून तपासायचा असतो, आणि त्यात कोणी कोणाचा अपमान मानत नाही. कागदासाठी लावलेली लग्नं असतात. लग्न करून आणलेल्या आणि सहा महिन्यांत रस्त्यावर सोडलेल्या मुली मी इथे पाहिल्या आहेत. त्यांच्या बाबतीत कोणीतरी आधी नीट विचारायला हवं होतं. बाईच्या लग्नात राज्यानं नाक खुपसायची तऱ्हा याहून वाईटही होती. 1907 च्या कायद्यानं परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई स्वतःचं नागरिकत्व गमावायची. 1922 मध्ये तो कायदा बदलला, पण नवरा आशियातला असेल तर पुढची काही वर्षं तोच नियम राहिला. आज मी माझ्या नावानं नवऱ्यासाठी अर्ज करते, यामागे कोणाकोणाचे हाल आहेत ते मी विसरत नाही.

मुलाखत नोव्हेंबरात झाली. सात-आठ मिनिटं. कसे भेटलात, बायको काय करते, लग्नाला कोण होतं. पंधराच माणसं का, असं विचारल्यावर त्यानं सासऱ्यांचं अग्नीचं आणि गल्लीचं वाक्य जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. व्हिसा मिळाला. 24 डिसेंबर 2024 ला तो नेवार्कला उतरला, हातात एक बॅग आणि वडिलांची वही. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायला एकोणीस दिवस कमी होते, म्हणून कार्ड मिळालं ते सशर्त, दोन वर्षांचं. 1986 पासूनचा हा नियम आहे. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत पुन्हा अर्ज करायचा, आणि आपण खरोखर एकत्र नांदतो हे पुन्हा दाखवायचं.

ओळखीचे सगळे म्हणाले, तीन आठवडे उशिरा आला असता तर ही कटकट वाचली असती. मला तसं वाटत नाही. या साऱ्या प्रक्रियेत लग्नाबद्दलचा बरोबर प्रश्न फक्त हा एकच विचारला गेला. लग्नाच्या दिवशी काय घडलं ते सोडा, त्यानंतर काय केलंत ते सांगा, असं तो विचारतो. त्यात उणीव एकच आहे, तो भाड्याचा करार आणि बँकेचं खातं मागतो, माणूस बरा आहे का ते विचारत नाही. ते विचारायला सुहृद लागतो. एडिसनमध्ये आमची गल्ली नाही. त्याची बहीण दर रविवारी सकाळी फोन करते, आधी त्याच्याशी बोलते, मग त्याला खोलीबाहेर जायला सांगून माझ्याशी. माझा भाऊ उलट करतो.

तुम्ही कधी कोणाच्या लग्नाच्या नोंदवहीत साक्षीदार म्हणून सही केली असेल, विशेषतः लग्नानंतर दूर देशी गेलेल्या मुलीच्या किंवा मुलाच्या, तर या रविवारी त्यांना फोन करा. दोघांशी वेगवेगळं बोला.