हुकूम कोणाचा होता?

३ मार्च १९५९. केनियात ताना नदीकाठच्या होला या छावणीत ब्रिटिश सरकारच्या ताब्यातले अकरा बंदी मरण पावले. दुसऱ्या दिवशी सरकारने निवेदन काढले. त्यात म्हटले होते, की हे लोक पाण्याच्या गाडीतले पाणी प्यायले आणि त्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. पाण्यामुळे मेले असे निवेदनात कुठेही नव्हते, फक्त आधी पाणी आणि मग मरण एवढा क्रम सांगितला होता. वाचणाऱ्याने काय समजायचे ते समजावे.

प्रेतांची तपासणी झाली तेव्हा अंगावर माराच्या खुणा सापडल्या. दंडाधिकाऱ्यांपुढे रीतसर चौकशी झाली आणि मृत्यू मारहाणीने झाले हे सिद्ध झाले. होलात ठेवलेले बंदी ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या ‘माऊ माऊ’ उठावातले, सरकारच्या भाषेत ‘कट्टर’. सरकारी कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. त्या दिवशी पंच्याऐंशी जणांना पाटाच्या खोदकामावर नेले आणि शिपायांनी त्यांना दांडक्यांनी झोडपले.

शिपाई काही आपल्या मनाने पिसाळले नव्हते. काम नाकारणाऱ्यांना बळाने कामाला जुंपण्याची योजना तुरुंग खात्यातल्या एका वरिष्ठाने कागदावर मांडली होती आणि नैरोबीतल्या मंत्र्यांनी तिला मंजुरी दिली होती. त्याच्याही सुमारे दोन वर्षे आधी केनियाच्या महाधिवक्त्याने गव्हर्नरला छावण्यांतल्या बळाच्या वापराविषयी एक पत्र लिहिले होते. पाप करायचेच असेल तर ते गाजावाजा न करता करावे, असा त्याचा मथितार्थ. ते लिहिणाऱ्याला ते पाप आहे हे ठाऊक होते. चिंता होती ती बोभाट्याची.

बोभाटा झाल्यावर मात्र जगभर जे होते तेच झाले. दोष छावणीच्या अधिकाऱ्यापाशी आणून ठेवण्यात आला. नेमका प्राणघातक फटका कोणाचा हे ठरवता येत नाही, म्हणून खटला कोणावरच भरला गेला नाही. लंडनमध्ये वसाहतमंत्री लेनॉक्स-बॉइड राजीनाम्याच्या विचारात होते, पण निवडणूक तोंडावर आलेली. पंतप्रधान मॅकमिलन यांनी त्यांना थांबवून घेतले.

२७ जुलैला ब्रिटिश संसदेत या विषयावर चर्चा झाली. बार्बरा कॅसल यांच्यासारखे मजूर पक्षाचे सदस्य हे प्रकरण आधीपासून लावून धरत होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर सत्ताधारी बाकांवरून इनॉक पॉवेल उठले. मेलेले लोक माणसात जमा करण्याच्या लायकीचेच नव्हते, असा सूर सभागृहात निघाला होता. पॉवेल यांनी पहिला घाव त्याच्यावर घातला. एखादा माणूस अमुक प्रकारचा होता, म्हणून त्याच्या मृत्यूचा जाब कमी विचारायचा, हे तत्त्वच भयंकर आहे, असे त्यांनी बजावले. दुसरा मुद्दा जबाबदारीचा. ती छावणीच्या दारात थांबत नाही, योजना मंजूर करणाऱ्यांपर्यंत वर जाते. आणि तिसरा, आफ्रिकेत आफ्रिकेचे, आशियात आशियाचे आणि मायदेशात आपले, अशी न्यायाची वेगवेगळी मापे ठेवता येणार नाहीत.

हेच पॉवेल दुसऱ्या महायुद्धात दिल्लीत लष्करी अधिकारी होते आणि हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होण्याचे स्वप्न पाहत होते. पुढे १९६८ साली बर्मिंगहॅममध्ये त्यांनी स्थलांतरितांविरुद्ध जे भाषण केले, त्याचे विष ब्रिटनमधल्या आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे पचवले. त्या भाषणाला क्षमा नाही. पण होलाबद्दल ते जे बोलले ते त्यामुळे खोटे ठरत नाही. सत्य बोलायला निर्मळ माणूसच हवा असा हट्ट धरला, तर बरेच अन्याय न बोलताच राहतील.

राजकीय परिणाम काय झाला? मतपेटीत काहीच नाही. ऑक्टोबरमध्ये मॅकमिलन यांचा पक्ष मोठ्या बहुमताने निवडून आला. पण नवे वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांनी होलाचा अर्थ ओळखला होता. असे साम्राज्य फार काळ मारूनमुटकून टिकवता येणार नाही, हे त्यांना कळून चुकले. उठावामुळे केनियात लादलेली आणीबाणी १९६० च्या जानेवारीत उठली, घटनेच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि डिसेंबर १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. मूळचे गोव्याचे आणि नैरोबीत जन्मलेले, केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले पियो गामा पिंटो १९५४ पासून खटल्याविना स्थानबद्ध होते. त्यांचीही सुटका आणीबाणी उठण्याच्या सुमारास झाली.

या छावण्यांविषयीचे लपवलेले सरकारी कागद त्यानंतरही अर्धशतक लपलेलेच राहिले. वृद्ध केनियन बंद्यांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा २०११ साली ब्रिटिश सरकारला ते दप्तर बाहेर काढावे लागले. दावेदारांत होलाच्या मारातून वाचलेला एक म्हातारा होता. मेला समजून आपल्याला प्रेतांत टाकले होते, अशी त्याची साक्ष. ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. तोवर हुकूम देणाऱ्यांपैकी कोणालाही शिक्षा झालेली नव्हती.

आपल्याकडे कोठडीतल्या मृत्यूची बातमी येते, तेव्हा ‘छातीत दुखू लागल्याने’ ही सबब पाण्याच्या गाडीचीच बहीण असते. फारच गवगवा झाला तर एखादा हवालदार, एखादा फौजदार निलंबित होतो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, पण तो लागू करण्यासाठी लागणारे अनुसमर्थन अजून दिलेले नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० साली लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे बारगळले. त्यासाठी कोणत्याही सरकारला घाई नाही, कारण मतदाराने कधी तगादा लावला नाही.

आपण मतदार बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारतो, ‘त्याने केले काय होते?’ हा प्रश्न न्यायाधीशाचा आहे, तो त्याच्यावर सोपवावा. नागरिकाचा प्रश्न वेगळा आहे: हुकूम कोणाचा होता, आणि तो अजून खुर्चीवर का आहे? पुढच्या खेपेस एवढे आपण विचारायला हवे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायला हवे.