दोष आणि भार

संस्कृतात 'व्यसन' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वाईट नाद, आणि दुसरा संकट. मराठीत येता येता या शब्दाने दुसरा अर्थ वाटेतच टाकून दिला. अमक्याला व्यसन आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्यावर संकट कोसळले आहे असे कोणाच्या मनात येत नाही. त्याने ते आपल्या हाताने ओढवून घेतले असेच आपण समजतो. मनोविकारतज्ज्ञ मात्र तो टाकलेला अर्थ पुन्हा आपल्यापुढे ठेवतात. व्यसन हा आजार आहे, असे ते सांगतात. आणि येथेच संसारी माणसापुढे पेच उभा राहतो. आजार म्हटला की दोष संपला. आणि दोष संपला तर जाब विचारायचा कोणाला?

पेच जुनाच आहे. महाभारतातला धर्मराज घ्या. राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी एवढे सारे तो द्यूतात हरला. धृतराष्ट्राने ते परत दिले, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. आणि मागून बोलावणे येताच हा पुन्हा फाशांपुढे येऊन बसला! धर्म कशाला म्हणतात हे त्याच्याहून अधिक कोणाला कळत होते? तरीही त्या वेळी तो दैवाची आणि वडीलधाऱ्यांच्या आज्ञेची भाषा बोलतो. व्यसनी माणसाच्या सबबी आजही अशाच भारदस्त असतात. तात्पर्य, उणीव ज्ञानाची नव्हती. कळणे आणि वळणे यांच्यामध्ये जो पूल असतो, तो कोसळला होता.

गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला. त्यातला सुधाकर मूर्ख नाही. चांगला हुशार वकील आहे. अपमानाची आग विझवायला तो पहिला प्याला घेतो. तो प्याला त्याच्या इच्छेचा होता हे कोणीही कबूल करील. पण शेवटचा? पहिल्या आणि शेवटच्या प्याल्यांच्या दरम्यान इच्छा कोठे हरवली, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आता वैद्यकाला देता येते. सुख मिळाले की ते पुन्हा मिळवावे अशी ओढ लावणारी एक यंत्रणा आपल्या मेंदूत असते. अन्न, माया, शाबासकी यांच्यासाठी ती घडलेली आहे. दारू, अफू, तंबाखू ही यंत्रणा जबरीने ताब्यात घेतात. हळूहळू सुख कमी होत जाते आणि ओढ मात्र वाढत जाते. ओळखीचा गुत्ता किंवा पगाराचा दिवस दिसला, की ती आपोआप जागी होते. यासाठी पदार्थ पोटातच जायला हवा असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात जुगाराच्या शेजारी मोबाइलवरच्या खेळांचा अनावर नादही नोंदलेला आहे. युधिष्ठिराचे फासे आता खिशात मावतात, एवढाच फरक.

उपचारही आहेत. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर हातपाय थरथरतात, भास होतात, झटके येतात. प्रसंगी जीवही जातो. म्हणून त्याला खोलीत कोंडून 'दारू सोडवणे' हा शहाणपणा नव्हे. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. पुढे ओढ मंदावणारी औषधे आहेत, समुपदेशन आहे, समदुःखितांच्या सभा आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले. औषधाइतकेच माणसाच्या सोबतीनेही माणूस बरा होतो, हे तेथे महाराष्ट्राने पाहिले.

हे सारे मी एकदा एका विद्यार्थ्याच्या आईला समजावून सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, त्यांचा तो आजार. मग मला राग यायचा हक्कही उरला नाही का?"

या प्रश्नाला बगल देऊन व्यसनाविषयी लिहिता येणार नाही. मधुमेहाचा दाखला आपण सहज देतो. पण मधुमेही माणूस बायकोवर हात टाकत नाही, मुलांच्या फीचे पैसे उडवीत नाही. मला वाटते, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. दोष मागे पाहतो, भार पुढे पाहतो. ओढ लागली हा दोष सर्वस्वी त्याचा नसेल. त्यात रक्ताचा, परिस्थितीचा, सोबतीचा वाटा असतो. पण ओढ लागल्याचे कळल्यावर दवाखान्याची पायरी चढण्याचा भार त्याचाच आहे, आणि जे मोडले ते सांधण्याचा भारही त्याचाच. आजारामुळे कृत्याचे कारण कळते. कृत्य पुसले जात नाही. त्या बाईंचा राग न्याय्यच होता. तो त्यांनी कृत्यावर धरावा, माणसावरची आशा मात्र सोडू नये, एवढेच मी म्हणू शकलो. आणि मार पडत असेल तर आधी स्वतःला आणि मुलाला सुरक्षित जागी न्यावे. आशेसाठी मार खात राहणे हे काही पातिव्रत्य नव्हे.

दुसरा मोह गुपचूप औषधाचा. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचतो. दारूचा तिटकारा आणणारी एक गोळी खरोखरच आहे. परंतु ती पोटात असताना माणूस प्यायला, तर तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, क्वचित प्राणावरही बेतते. ती त्याला न सांगता वरणात कालवणे म्हणजे मायेच्या हाताने विषाची परीक्षा पाहणे होय. शिवाय, ज्याची इच्छाच दुबळी झाली आहे, तिला वगळून त्याला मुक्त कसे करणार? उपचार म्हणजे तीच इच्छा थोडी थोडी उभी करणे. लहान मुलाला चालायला शिकवताना आपण बोट देतो. त्याला उचलून पळत सुटलो, तर ते चालायला शिकत नाही.

ते मूल पडतेही. व्यसनातून उठलेला माणूस पुन्हा घसरला, की 'बघा, नाटकच होते सगळे' असे म्हणणारे शेजारी लगेच जमतात. दमेकऱ्याला पुन्हा धाप लागली, तर असे कोणी म्हणत नाही.

वाचकहो, या भाराचा एक लहानसा वाटा आपल्याकडेही येतो. यंदाच्या फराळाला, पत्त्यांच्या डावाला, मित्रांच्या बैठकीला असा एखादा माणूस तुमच्या घरी येईल. तो 'नको' म्हणेल. त्याचे ते 'नको' कित्येक महिन्यांच्या झुंजीतून आलेले असेल. त्याला 'अरे, सणाचा एक घेतलास तर काय बिघडते?' असे म्हणू नका. त्याच्यापुढे चकलीची ताटली सरकवा आणि दुसरे काही बोला.