विचाराची भाषा कोणती?

गेल्या गणेशोत्सवात लष्करातील आमच्याच नात्यातल्या एका घरी आरतीनंतर मंडळी जमली होती. एका वडीलधाऱ्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला मराठीत दोन-तीन प्रश्न विचारले. तो गप्प राहिला. ‘जरा मंदच दिसतो,’ असे ते सहज म्हणून गेले. मला राग आला; पण घरी परतताना ध्यानात आले की, मनातून मीही तेच समजत होतो.

शब्दावाचून ज्ञान नाही, असे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त मांडले. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी 1934 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निराळी वाट दाखविली. विचार व भाषा यांची मुळे वेगवेगळी असून बालपणी ती एकत्र येतात, आणि मुलाचे स्वतःशी मोठ्याने बोलणे हळूहळू आत वळून मूक वाणी होते, असे त्यांचे प्रतिपादन. मला हे अधिक पटते. हिंदीत गेलेला दिवस आणि येणारा दिवस या दोहोंना ‘कल’ हा एकच शब्द आहे. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’. म्हणून काही आपले हिंदीभाषक शेजारी उधारी वसूल करण्याचा दिवस चुकवीत नाहीत!

नोकरीच्या आरंभी श्योपूरकडील एका तहसिलीत माझी नेमणूक होती. सीमेच्या तंट्यात एक वृद्ध सहरिया अर्जदार तीन पेशींना आला. प्रश्न विचारला की जमिनीकडे पाही. मी टिपणात ‘अर्जदार आपले म्हणणे मांडण्यास असमर्थ’ असे शुद्ध शासकीय हिंदीत लिहिले. पुढे मोक्यावर गेलो, तेव्हा त्याच माणसाने ओढ्याचे जुने पात्र, तोडलेल्या महुव्याचा बुंधा आणि कोणत्या दुष्काळात बांध कोणी किती हात सरकवला, हे चालत चालत दाखविले. पटवाऱ्याचा खसरा उघडून ताडून पाहिले. चूक खसऱ्यात होती. टिपण बदलले, निर्णयही त्याच्या बाजूने गेला. परंतु मी त्या दिवशी शेतावर गेलो नसतो तर? असे न गेलेले दिवसही माझ्या नोकरीत पुष्कळ होते.

बुद्धिमापनाच्या शास्त्रालाही ही ठेच लागली आहे. बिने यांची चाचणी 1905 सालची, फ्रेंच मुलांसाठी रचलेली. तिच्यासारख्या चाचण्या 1913 च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर नुकत्याच बोटीतून उतरलेल्या परदेशी माणसांना दुभाष्यामार्फत देण्यात आल्या आणि त्यांतील बहुसंख्य मंदबुद्धी ठरविले गेले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात ती चाचणी कन्नड व मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. मुलाची बुद्धी मोजायची तर त्याच्या भाषेत उतरले पाहिजे, एवढे तरी त्यातून मान्य झाले.

मग मातृभाषा गेली तरी काही बिघडत नाही, असे म्हणावे काय? तसे म्हणायला माझे मन धजत नाही. गजानन माधव मुक्तिबोध 1917 साली श्योपुरात, मराठी घरात जन्मले आणि हिंदीचे मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातले दोघे. यांतला कोणता भाऊ आपल्या खऱ्या भाषेत विचार करीत होता, हा प्रश्नच मला अडाणीपणाचा वाटतो. मात्र त्या घरात दोन्ही भाषा नांदत होत्या. आमच्या घरात मराठी देवघरापुरती आणि रागावण्यापुरती उरली आहे, हा दोष नातवाचा नव्हे.

त्या रात्री त्याला जवळ घेऊन मी मराठी गोष्ट सांगू लागलो. थोडा वेळ ऐकून तो हिंदीत म्हणाला, ‘‘आजोबा, जिनको इज्जत देते हैं उनको भी ‘आपण’, और हम सब मिलकर भी ‘आपण’. ऐसा क्यों?’’

साठी उलटली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गोष्ट तिथेच राहिली.