शिखर आणि संकल्प

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात आदिमाया श्री सप्तशृंगीचा गड आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ मानले जाते. गडासमोरचा मार्कंडेय डोंगर मात्र फार थोड्या यात्रेकरूंच्या परिचयाचा आहे. गडावर जाण्यास पायऱ्या आहेत. २०१८ सालापासून फनिक्युलर ट्रॉलीही आहे. समोरच्या डोंगराची वाट चढणीची असून पावसाळ्यानंतर ती गवताझुडपांत जागोजागी हरवते.

अशा वाटेवर भाविकापुढे एक प्रश्न उभा राहतो. शिखराचा संकल्प करून निघालेला मनुष्य अर्ध्या वाटेवरून परतला, तर त्याची यात्रा अपूर्ण राहिली काय?

संकल्प सोडू नये, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु संकल्प कशाचा, हे आधी पाहिले पाहिजे. तो दर्शनाचा असेल, तर झुडपे तोडून नवी वाट पाडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी सुमारे सात-आठ वर्षे वाढते, एकदाच फुलते आणि बी धरून वाळून जाते. तिची इतक्या वर्षांची प्रतीक्षा कोयत्याच्या एका घावात संपते. स्वतःच्या पुण्यासाठी दुसऱ्या जीवाचे व्रत मोडणे, यास भक्ती म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, अशाने आळसालाही संयमाचे नाव मिळेल. ही शंका रास्त आहे. दमल्यामुळे परतणे आणि जाणून परतणे यांतील भेद बाहेरून दिसत नाही; तो ज्याचा त्यालाच कळतो. जाणून परतणारा आपल्या परतण्याची सबब सांगत बसत नाही. वाटाड्या सोबत घेऊन, योग्य ऋतूत, तो पुन्हा येतो.

कष्टांनाच पुण्य मानले, तर ट्रॉलीतून येणाऱ्या वृद्ध मातेचे दर्शन उणे ठरेल. तसे कोणीही मानत नाही. मग चढावे तरी कशासाठी? वर दुकाने नाहीत, रांग नाही, पाहणारेही कोणी नाही. तेथे केलेला नमस्कार केवळ नमस्कारच असतो. चढण्याचे फळ ते एवढेच, पण ते थोडे नव्हे.

या दोन डोंगरांची कथा सर्वश्रुत आहे. मार्कंडेय ऋषी या डोंगरावर बसून देवीची स्तुती करीत आणि ती ऐकण्यासाठीच देवीची मान किंचित कललेली आहे, अशी श्रद्धा आहे. सप्तशतीचे तेरा अध्यायही मार्कंडेय पुराणातीलच आहेत. कथेत ऋषी आपल्या डोंगरावर आहेत, देवी आपल्या गडावर. मध्ये खोल दरी आहे. तरीही शब्द पोहोचले.

वाट बुजलेली दिसल्यास भाविकाने तेथेच थांबून हात जोडावेत. ऐकणारी देवी दरीपलीकडूनही ऐकते.