उतरलेला रंग आणि उरलेला विश्वास

जुन्या वस्तूस नवी झळाळी देणे हे सत्याला धरून आहे की सत्यावर घातलेले पांघरूण आहे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. घरातील कपाटाला आपण रंग देतो, देवघरातील समई चिंचेने घासतो, सणापूर्वी भिंतींना चुना काढतो. त्यात पापपुण्याचा विचार कोणी करीत नाही, आणि करण्याचे कारणही नाही. तथापि ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव विसंबून असतो, तिच्या बाबतीत हाच प्रश्न निराळे रूप धारण करतो. काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूस एका जुन्या नावेपुढे आम्ही उभे होतो, तेव्हा या निराळ्या रूपाची आम्हांस प्रथम ओळख झाली.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळात बांधलेले तलाव, ज्यांना तिकडे ‘मामा तलाव’ म्हणतात, गावोगाव पसरलेले आहेत. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा या तलावांचीही वाटणी झाली. मधून वैनगंगा वाहते. तिच्यावरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली आणि 2009 मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाचे पाणी जसे मागे पसरले, तशी अनेकांची शेते आणि घरे त्याखाली गेली. नदीच्या वाहत्या धारेत लाकडी डोंगा हाकणाऱ्या धिवर बांधवांपुढे समुद्रासारखे रुंद आणि वाऱ्याने उसळणारे पाणी उभे राहिले. अशा पाण्यावर फायबरची नाव सोयीची. ती हलकी असते, कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही.

परंतु फायबरलाही एक शत्रू आहे. तो पाण्यात नाही, आकाशात आहे. पूर्व विदर्भाचे ऊन किती प्रखर असते हे तेथे वैशाखात राहिलेल्यासच ठाऊक. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण नावेच्या वरच्या थरातील राळ हळूहळू मोडतात, तिच्यात धरून ठेवलेले रंगाचे कण मोकळे होतात आणि पृष्ठभागावर पांढरट भुकटी साचते. आम्ही पाहिलेली नाव एके काळी आकाशी निळी होती म्हणे. आम्ही तिच्या कडेवर तळहात ठेवला आणि उचलला, तो तळहात फळा पुसल्यासारखा पांढरा झालेला. जन्म शाळेत गेल्यामुळे ती खडूची पूड आम्हांस फार ओळखीची वाटली.

नावेचा मालक वृद्ध होता. त्याच्या मुलाची घाई चालली होती. पाणी पाहण्यास येणारे लोक फिकट नावेत बसत नाहीत, म्हणून रविवारच्या आत तिच्यावर निळ्या रंगाचा एक हात फिरवावा, असे त्याचे म्हणणे. आम्हीही त्यास दुजोरा दिला. म्हातारा काही बोलला नाही. त्याने नाव पालथी करविली, बोटाचे पेर वाकवून तळावर ठिकठिकाणी टकटक केले आणि एका जागी थांबून आम्हांस म्हणाला, “गुरुजी, पयले इथं आयका, मंग रंगाचं बोला.”

आम्ही कान लावला. इतर ठिकाणी टणक आवाज येत होता, तेथे मात्र बद्द. बाजारात गाडगे घेताना बायका टिचकी मारून पाहतात, तसाच हा प्रकार. काचतंतूंचे थर एकमेकांपासून सुटले, की आवाज असा बदलतो. डोळ्यांना तेथे केसाएवढी एक रेघ दिसत होती, इतकेच. रंगाचा हात फिरला असता तर तीही दिसली नसती.

येथे कामाची रीत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आमचा सारा युक्तिवाद त्या रीतीतूनच निघतो. फायबरच्या नावेवर बाहेरून जेलकोट नावाचा रंगीत थर असतो. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. नाव प्रथम स्वच्छ धुवावी लागते, तेलकटपणा काढावा लागतो. नंतर भुकटी झालेला मृत थर रबिंगने घासून काढावा लागतो. तो फारच जाड असेल, तर आधी पाणी लावून बारीक वॉटर पेपर फिरवावा लागतो. खालचा जिवंत रंग दिसू लागला, की पॉलिश आणि शेवटी मेणाचा हात. हे सर्व न करता भुकटीवरच मेण चोपडले, तर नाव दोन दिवस चकाकते आणि चार उन्हांत पुन्हा पांढरी पडते. भुकटीवर नवा रंग दिला तर त्यास धरायला जागाच नसते. तो पापुद्र्यांनी सुटतो. आणि नावेवर पूर्वी कोणी जेलकोटऐवजी साधा रंग दिलेला असेल, तर तो थर त्याहून पातळ. तेथे जोरात घासण्याचीही सोय नाही.

यावरून पहिली गोष्ट अशी दिसते, की झळाळी दोन प्रकारची असते. एक झाकून येते, दुसरी काढून टाकून येते. भंडाऱ्यास पितळी भांड्यांची परंपरा असल्यामुळे तेथील माणसास हे वेगळे सांगावे लागत नाही. कल्हईवाला कथील लावण्यापूर्वी भांडे तापवतो, नवसागराने त्याचा मळ फाडून काढतो; मळावर कथील बसत नाही. शिवाय कल्हई शोभेसाठी नसते. ती नसेल तर ताक आणि आमटी कळकते, खाणाऱ्यास बाधते. म्हणजे तेथे चकाकी ही शुद्धतेची खूण आहे, तिची बदली नव्हे. आपण पापनिवेदनाच्या संस्कारास जातो तेव्हा याच क्रमाने जातो. आधी शोध, मग कबुली, मग शांती. कबुलीवाचून मिळवलेली शांती आणि भुकटीवर चोपडलेले मेण यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.

परंतु येथेच थांबलो तर विचार अर्धवट राहील. कोणी म्हणेल, मग जुने जुनेच दिसू द्यावे, तोच प्रामाणिकपणा. हेही आम्हांस मान्य नाही. कारण फिकटपणाही खोटे बोलू शकतो. बहुतेक नावांची भुकटी ही केवळ कातडीची गोष्ट असते; आतले काचतंतूंचे थर वर्षानुवर्षे भक्कम राहतात. रंग उतरला म्हणून चांगली नाव टाकून देणे हा नावेवर आणि तिच्यावर पोट भरणाऱ्यावर अन्याय आहे. आणि टाकणार तरी कोठे? लाकडी डोंगा मोडला तर मातीस मिळतो. फायबर कुजत नाही, जाळले तर विषारी धूर होतो. तलावाकाठी पडलेला सांगाडा नातवंडांच्या वाट्यास येतो. सुरकुत्या पाहून माणसाची किंमत ठरविण्याची आपली सवय हीच चूक करीत असते. तेव्हा जुन्याची डागडुजी हे कर्तव्य ठरते. प्रश्न एवढाच, की ती करताना आवाज ऐकला होता काय.

याचे उत्तर चुकले तर काय होते, हे 7 मे 2023 रोजी केरळातील तानूर येथे दिसले. प्रवासी नौका उलटून 22 माणसे मृत्यू पावली, त्यांत मुले कितीतरी. मासेमारीच्या होडीत फेरफार करून ती प्रवासी नौका बनविली होती आणि क्षमतेपेक्षा अधिक माणसे तीत घेतली होती, असे नंतर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ती चढणाऱ्यांना सजलेली दिसली असेल. प्रवासी नावेचा तळ वाजवून पाहत नाही; तो रंगावर विश्वास ठेवतो. म्हणूनच रंग देणारा हा नुसता रंगारी राहत नाही, तो साक्षीदार होतो. ‘ही नाव धड आहे’ अशी साक्ष तो न बोलता देत असतो.

येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेखही भुकटीवरचे मेण ठरेल. तरुणपणी आम्ही एक जुनी स्कूटर विकली. विकण्यापूर्वी तिला रबिंग-पॉलिश करून घेतले. पायाखालच्या पत्र्यास चीर होती. तीत लांबी भरून रंग दिला. घेणाऱ्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. “आम्ही खोटे एक अक्षरही बोललो नाही,” असे आम्ही पुष्कळ वर्षे मनाशी म्हणत आलो. सुदैवाने त्या गृहस्थांस काही झाल्याचे ऐकिवात नाही. पण त्या म्हाताऱ्याने तळावर बोट वाजवले, तेव्हा तो बद्द आवाज आम्हांस स्कूटरच्या पत्र्यातून आल्यासारखा वाटला, आणि ‘रंगाचा एक हात फिरवा’ असे आम्ही इतक्या सहज का म्हणालो हेही उमगले. न बोललेले खोटे रंगाने बोलता येते.

आणखी एक हिशेब या कामात असतो. प्रत्येक वेळी घासताना त्या अर्ध्या मिलिमीटरातील थोडा भाग कायमचा जातो. चार वेळा झळाळी आणता येईल, दहा वेळा नाही. पुढे काचतंतू उघडे पडतात. म्हणजे खरे नवेपण फुकट मिळत नाही, त्याची किंमत स्वतःच्या अंगातून द्यावी लागते. मात्र ती किंमत दुसऱ्यावर ढकलणे नको. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाते. ती मजुरास नाकातोंडाला फडके न बांधता घ्यायला लावून आलेली चकाकी आम्हांस शुद्ध वाटत नाही. ते पांढरे पाणी ज्या तलावातून गाव मासे खाते त्यातच सोडणे, हेही तसेच. काम काठापासून दूर करावे आणि राहिलेली घाण गोळा करावी. आणि ज्यास वारंवार घासणे टाळायचे आहे त्याने वेळच्या वेळी मेणाचा हात द्यावा, नाव सावलीत किंवा ताडपत्रीखाली ठेवावी. रोजची थोडी निगा मोठ्या दुरुस्तीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते; संसारातही याहून निराळे नाही.

त्या नावेचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. रविवार गेला. मुलगा दोन दिवस रुसला, मग त्यानेच तो भाग कापून उघडला. आत ओल होती. ती पुरती वाळू देऊन राळ आणि काचतंतूंच्या कापडाचे नवे थर बसवले गेले. नंतर सबंध अंग घासले, तेव्हा भुकटीखालून निळा रंग वर आला. नवा रंग फक्त दुरुस्तीच्या जागी लागला, आणि तो मूळ रंगाशी जुळला नाही. मुलाने तो सारखा करण्यासाठी पुन्हा रंग काढला, तेव्हा म्हातारा म्हणाला, “राहू दे बेटा. बसनाऱ्यानं इचारलं त सांगता येते.”

ठिगळ तसेच राहिले. आम्ही त्या नावेत बसून पलीकडे गेलो, तेव्हा आमची नजर चकाकणाऱ्या निळ्या कडेवर न राहता त्या गडद ठिगळावर राहिली, आणि तेथेच आम्हांस सर्वांत अधिक निर्धास्त वाटले.