साक्षीदार नसलेलं काम

निगडी,
रविवार

चि. बाळास,

चाकणच्या कारखान्यातली नोकरी सोडून तू कमांडो व्हायचं ठरवलंस, हे ताईला तुझ्या मित्राकडून कळलं. काल फोनवर रडत होती. मी तुला अडवणार नाही. पण रील बघून ठरवलं असशील, तर आधी ही हकीगत वाच.

१९७१ साली, बांगलादेशच्या मुक्तियुद्धात, आपल्या नौदलानं पश्चिम बंगालमध्ये प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी गुप्त छावणी काढली. मोहीम राबवण्याची जबाबदारी कमांडर मोहन सामंत यांच्यावर होती. शिकायला आलेली पोरं पूर्व बंगालची, कुणी कॉलेजातलं, कुणी शेतकऱ्याचं. सुरुंग गमछ्यानं अंगाशी बांधायचा, अंधारात पोहत शत्रूचं जहाज गाठायचं. लोहचुंबक नीट धरावं म्हणून आधी तळाचं शेवाळ चाकूनं खरवडायचं, मग सुरुंग लावायचा. त्याची गोळी पाण्यात विरघळली की स्फोट. म्हणून तोवर ती कोरडी राहावी यासाठी वर निरोध चढवलेला. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर ठरलेलं गाणं लागलं की निघायचं. ऑगस्टच्या मध्याला एका रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकदम हल्ले झाले.

डिसेंबरात सामंत स्वतः बोटी घेऊन खुलनाकडे गेले. १० तारखेला आपल्याच विमानांनी चुकून हल्ला केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या बोटी बुडाल्या, ‘पनवेल’ वाचली. ‘पद्मा’वरचे लीडिंग सीमन चिमणसिंग यादव जखमी झाले. सामंत आणि यादव, दोघांनाही महावीरचक्र मिळालं. पण सामंत सहलेखक असलेलं या मोहिमेचं पुस्तक आलं ते २०१९ मध्ये. मधली ४८ वर्षं मोजून बघ.

आमच्या टूलरूममध्ये एक माजी नौसैनिक होते. मायक्रोमीटर वापरून झाला की पुसायचे, तेलाचं बोट फिरवायचे, तोंड किंचित उघडं ठेवून पेटीत ठेवायचे. रोज, तसंच. “७१ला कुठं होतात?” असं मी एकदा विचारलं. “ड्युटीवर,” एवढंच म्हणाले. पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नाही.

बाळा, तिकडे टाळ्या नसतात. कधी आपलीच गोळी आपल्यावर येते, आणि तीही गिळावी लागते. हे चालणार असेल तरच जा. आणि चालेल की नाही, हे आज लाइनवरच कळेल. थर्ड शिफ्टला पहाटे चार वाजता, सुपरवायझर नसताना, तू बोल्टचा टॉर्क तपासून चेकशीटवर खूण करतोस, की नुसतीच खूण करतोस? वर पॅनल बसलं की तो बोल्ट कुणाला दिसत नाही. ते शेवाळही कुणाला दिसलं नसतं. पण खरवडलं नसतं, तर सुरुंग निसटला असता.

म्हणून भरतीची तारीख येईपर्यंत नोकरी सोडू नकोस. शिफ्ट सांभाळून पळ, पोह, झोप पुरी कर. गेटवरच्या माजी सैनिक काकांना “किती मारले?” असं विचारू नकोस, तयारी कशी केली होती, ते विचार.

आणि सगळ्यात आधी एक कर. गुप्त राहतं ते काम, बाळा. घरातून निघून जाणं नव्हे. आज संध्याकाळी आईसमोर बस आणि तुझ्या तोंडानं तिला सांग.

तुझा,
मामा